उत्तमरावांचा हिरवा मांडव

उत्तमरावांनी मंडपवाल्याला दारातूनच परत लावलं. त्याच्या टेम्पोत गुलाबी झालरी होत्या, प्लास्टिकची फुलं होती आणि सोनेरी रंग फासलेले लोखंडी खांब होते. उत्तमरावांनी एका खांबावर टिचकी मारून पाहिली आणि तो नापास केला.

"हे घेऊन जा बाबा. माह्या पोराचं लग्न जित्या मांडवात लागंल. मांडवाला एक वाळकं पान दिसलं, तर ही मिशी उतरवून ठेवीन."

कुरुंद्यात उत्तमरावांच्या हळदीला मान होता आणि उत्तमरावांच्या मिशीलाही. त्यामुळे हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि मागे घ्यायची सोय राहिली नाही. त्यांनी मेळघाटातल्या मेव्हण्याला फोन केला. मेव्हण्यानं आपल्या बांधावरचे बांबू पाल्यासकट तोडून टेम्पोभर धाडले. त्यावर जावयांनी रिवाजाप्रमाणे वाजतगाजत आणलेले मांडवडहाळे पडले, आंब्याचे, जांभळीचे, उंबराचे. जून लागला तरी ऊन माणसाला भाजून काढत होतं, म्हणून उत्तमराव सकाळ-संध्याकाळ स्वतः पाइप धरून मांडवाला पाणी मारत. खाली गारवा झाला, माती ओली झाली, बेडकं आली, पाली आल्या. लोक म्हणाले, उत्तमरावांनी दारात जंगल उभं केलं. उत्तमरावांना ती स्तुती वाटली. जंगल उभं केलं की त्यात राहायला कोण येतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

खरं तर हे ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं तो माणूस त्यांच्या घरातच होता. नवरदेव विकास, त्यांचा एकुलता एक मुलगा. शेती सांभाळून हा पोरगा साप पकडायचा. आसपासच्या कुठल्याही गावात नाग निघो की घोणस, फोन विकासला. तो जायचा, साप पिशवीत घालायचा आणि लांब माळावर सोडून यायचा. गावाला त्याचं कौतुक होतं आणि त्याच्या आईला, नर्मदाबाईंना, तो घरी येईपर्यंत घास उतरत नव्हता. स्थळं यायची, चहा प्यायची, साप ऐकायची आणि निघून जायची.

मग हिंगोलीच्या उद्धवरावांची प्रियदर्शनी सांगून आली. उद्धवराव कचेरीत नोकरीला. बोलणं मोजकं, शर्ट इस्त्रीचा, डोक्यावर टक्कल आणि टकलावर पांढरी टोपी. सुपारीच्या बैठकीत सगळं ठरल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"मला देणंघेणं काही नको. जावई सापाच्या वाटेला जाणार नाहीत, एवढा शब्द द्या. माझा धाकटा भाऊ साप चावून गेला. शाळेत जात होता. त्यानंतर आमची आई हसलेली मी पाहिली नाही. माझ्या मुलीच्या घरात ते नको."

उत्तमरावांनी विकासकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शब्द दिला," ते म्हणाले. "माहा पोरगा पुन्हा सापामागं गेला, तर मी तुमाला तोंड दाखवणार न्हाई."

विकासनं बापाचा शब्द पाळला. फोन आला की वसमतच्या एका ओळखीच्या सर्पमित्राचा नंबर द्यायचा आणि मग बराच वेळ उगाच अंगणात फिरायचा. साप उचलायची त्याची आकड्याची काठी नर्मदाबाईंनी शेवग्याच्या शेंगा पाडायला घेतली. असे महिने गेले आणि लग्नाचा दिवस उजाडला.

लग्न नवरदेवाच्या दारी होतं, मुहूर्त गोरज. पाहुणे सकाळीच हिंगोलीहून आले आणि शेजारच्या वसरामच्या घरी उतरले. दोघांना हळद लागली. हळद लागलेल्या माणसानं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून विकास ओसरीवर पाटावर बसला, कमरेला कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू.

पंगती उठल्यावर उत्तमराव मांडवाखाली मान वर करून फिरू लागले. मिशीचा प्रश्न होता. बोहल्याच्या बरोबर वर, बांबूच्या पेरापाशी, पाला इतका टवटवीत दिसला की ते खूश होऊन जवळ गेले. तो पाला त्यांच्याकडे बघत होता.

ते सरळ ओसरीवर आले आणि विकासच्या कानाशी वाकले. "उठू नको. हसत राहा. वर साप हाय."

विकासच्या तोंडावर हळदीचा थर होता. त्याखाली रंग बदलला असेल तर तो कुणाला दिसला नाही. "कसा हाय?"

"हिरवा."

"हरणटोळ असंल. बारीक, लांब, नाक टोकदार हाय का?"

"मी नाकाकडं काहून बघू?"

"बघून या."

उत्तमराव गेले, बोहल्यापाशी मान वर करून उभे राहिले, परत आले. "जाड हाय. मुंडकं तिकोनी, मान बारीक. शेपटी बांबूला गुंडाळून बसला हाय."

विकास पाटावर ताठ झाला. "डोळ्याची बाहुली उभी हाय का, मांजरीवाणी? आन डोळा आन नाकपुडीच्या मधी खड्डा हाय का, तेवढं बघा."

उत्तमराव पुन्हा गेले. एव्हाना हिंगोलीचे पाहुणे त्यांच्याकडे बघू लागले होते. घरधनी आपल्याच मांडवाकडे असं एकटक बघतोय, हे त्यांना गोड वाटलं. चारजण त्यांच्याभोवती येऊन मान वर करून उभे राहिले. "काय हिरवागार आहे हो," एकजण म्हणाला. त्याच्या टोपीपासून साप दोन हातांवर होता. उत्तमराव "हॅ हॅ" असं काहीतरी हसले आणि परत आले.

"खड्डा हाय."

"चापडा हाय बाबा," विकास हळूच म्हणाला. "चिखलदऱ्याच्या शिबिरात पाह्यला होता. बांबूत राहतो. आपल्याकडं न्हाई सापडत. मामाच्या टेम्पोतून आला."

"विषारी?"

"व्हय. माणूस बहुधा मरत न्हाई, पण हात खांद्यापर्यंत सुजतो, दुखणं बघवत न्हाई. आन दवाखान्यातलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आन फुरसं यांच्यासाठी असतं. याला ते नीट लागू पडत न्हाई. लेकराला चावला तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "घाबरू नका. दिवसा तो हलत न्हाई. वेटोळं करून पडून राहतो. दिवेलागणीला जागा होतो."

"दिवेलागणीला," उत्तमराव म्हणाले.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. बरोबर त्याच वेळी बोहल्यावर अंतरपाट धरला जाणार होता.

"अंधारात दिसंल का त्याला?"

"त्या खड्ड्यानं ऊब कळती. बेडूक, उंदीर, माणूस, कुणाचंही गरम अंग त्याला अंधारात निखाऱ्यावाणी."

उत्तमरावांनी मांडवात नजर टाकली. बोहल्यापाशी उद्धवराव टोपी काढून टक्कल पुसत होते.

"मी उतरवतो," विकास म्हणाला.

"बस खाली. शब्द माहा हाय."

"मग काय, मारणार त्याला? काठ्या लावल्या की पडंल खाली, लेकरात. आन त्यानं काय केलं? तुमीच आणलं त्याला, तुमीच पाणी घातलं."

उत्तमरावांनी वसमतच्या सर्पमित्राला फोन लावला. तो नांदेडकडे गेला होता, रात्रीशिवाय येत नव्हता, आणि चापडा त्यानं फक्त फोटोत पाहिला होता. आता सापाचं नाव न घेता माणसं त्याच्याखालून हलवायची होती. उत्तमरावांनी त्यांना सुचलेली पहिली युक्ती केली.

"तिथला बांबू कच्चा हाय," त्यांनी जाहीर केलं. "कुणी खाली थांबू नका."

हे ऐकून वसराम दोर घेऊन आला. शेजारधर्माला हा माणूस कधी चुकत नसे, हीच त्याची अडचण होती. उत्तमराव वळेपर्यंत तो खांबाला पाय लावून वर सरकू लागला होता. उत्तमरावांनी त्याला धोतराला धरून खाली ओढलं.

"अवो, कच्चा हाय म्हणता ना? मग बांधू द्या की."

"नको बांधू."

"काहून?"

"माही मर्जी."

वसराम जन्मात पहिल्यांदा रुसला आणि चुलीकडे जाऊन बसला. उत्तमराव गुरुजींकडे गेले. बोहलं तिकडे कोपऱ्यात हलवायचं म्हणाले. गुरुजींनी कारण विचारलं. उत्तमराव म्हणाले, ही जागा आपल्या मनाला पटत नाही. गुरुजी म्हणाले, देवक बसलं, पूजा झाली, आता जागा न पटून कसं चालेल? पूर्वेला तोंड कसं येणार? तुम्हाला जागा पटत नाही की आणखी काही?

हे "आणखी काही" शेजारी बसलेल्या बायकांनी उचललं आणि मांडवातून फिरवलं. वरबापाला काहीतरी पटलेलं नाही. मघापासून मान वर करून येरझारा घालून राहिला. शेजाऱ्याला धरून ओढलं म्हणे. पोराच्या कानाशी लागून राहिला. नवरी पसंत नसेल का? मानपानात कमी पडलं का? ही चर्चा जाता जाता शेवटी ज्यांच्यापर्यंत जायला नको होती त्यांच्यापर्यंत गेली.

उद्धवराव समोर येऊन उभे राहिले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि हात जोडले होते.

"उत्तमराव, आमच्याकडून काही चुकलं असेल तर माझ्या तोंडावर सांगा. पण मुलीला हळद लागली आहे. आता मागे फिरू नका."

सकाळपासून हा माणूस किती सुखात होता, ते उत्तमरावांनी पाहिलं होतं. त्यांनी उद्धवरावांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले, त्यांना बोहल्यापासून लांब नेलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. बोट न दाखवता दाखवलं.

उद्धवरावांना बराच वेळ नुसती पानंच दिसली. मग दिसला. ते खाली ओट्यावर बसले.

"एवढासा आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या धाकट्या वसंताला कोणता चावला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ओळखणारं कुणी नव्हतं. आधी देवळात नेलं. मग दवाखान्यात नेलं."

बोहल्याभोवती लेकरं शिवणापाणी खेळत होती.

"जावयांना हा ओळखता येतो?"

"त्यानंच वळखला. पाटावरून."

उद्धवरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "शब्द तुम्ही मला दिला होता. म्हणजे तो माझ्याकडे आहे. आजच्या दिवस मी तो बाजूला ठेवतो. पण शिडी मी धरणार."

गुरुजींना सांगावंच लागलं. गुरुजींनी आधी पाय वर घेतले आणि मग शास्त्र काढलं. हळद लागलेल्या नवरदेवाला असं काही करता येतं का? तेव्हा नर्मदाबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात आकड्याची काठी होती. शेवग्याचं एक पान अजून तिला चिकटलेलं होतं.

"मांडवाच्या बाहेर जायचं न्हाई, असं हाय," त्या म्हणाल्या. "वर जायचं न्हाई असं कुणी सांगितलं?"

त्यांनी काठी लेकाच्या हातात दिली आणि त्याच्याकडे न बघता आत गेल्या. देवघरातली घंटा नंतर बराच वेळ वाजत होती.

प्रश्न राहिला तो सापाला ठेवायचं कशात. पिशव्या होत्या त्या उद्धवरावांना शब्द दिला तेव्हाच टाकून दिल्या होत्या. तेव्हा वसरामच्या दारातून, जिथवर मांडव पोचला होता तिथवर, हळदीनं माखलेली प्रियदर्शनी आली. तिच्या हातात रुखवतातली काचेची मोठी बरणी होती. आतल्या कुरडया तिनं परातीत ओतल्या होत्या.

"वरून झाकण नको, खण बांधा. हवा लागते त्याला," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?" उद्धवरावांनी विचारलं.

"सुपारीपासून वाचतेय मी, बाबा. साप सोडलेल्या माणसाशी लग्न करायचं, तर त्यानं काय सोडलं ते कळायला नको?"

उद्धवरावांनी बरणी घेतली.

लेकरांना बुंदीच्या आमिषानं चुलीकडे पिटाळलं आणि बोहल्याशी शिडी लागली. विकास वर चढला. मुंडावळ्या तोंडावर येत होत्या, त्या त्यानं दातात धरल्या. खाली उद्धवरावांनी शिडी अशी धरली होती की हाताच्या शिरा दिसत होत्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत. वर बघत राहिले.

आता हळद लागलेला नवरदेव मांडवावर चढतोय आणि नवरीचा बाप शिडी धरून उभा आहे, हे पाहून हिंगोलीची मंडळी गोळा झाली. नवरीच्या आत्या पद्माबाई रुखवताच्या मांडणीच्या मुख्य होत्या आणि त्यांना सगळ्या चालीरीती माहीत होत्या, किंवा माहीत आहेत असं त्या सांगत.

"इकडे असतं असं," त्यांनी खुलासा केला. "नवरदेव मांडवाची डहाळी उतरवतो. शिडी मुलीच्या बापानं धरायची."

हे ऐकून हलगीवाल्यांना वाटलं, आपण मागे राहिलो. त्यांनी जोरात सुरू केलं. विकासनं आकडा सापाच्या मध्याखाली सारला. साप सावकाश उचलला गेला, पण शेपटी काही बांबू सोडेना. या जातीची शेपटी फांदी धरते ती धरतेच. मग विकासनं कमरेची कट्यार काढली, लिंबू उत्तमरावांच्या दिशेनं खाली टाकलं आणि सापानं धरलेली बांबूची डहाळी कापली. लग्नातल्या कट्यारीला पहिल्यांदाच काही काम लागलं. आकड्यावर डहाळी, डहाळीवर साप, असं ते लांब धरून तो एकेक पायरी उतरला. मंडळींना हिरवी डहाळी दिसली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघातिघांनी मोबाइलवर चित्रण केलं. मंडळींची पाठ वळल्यावर डहाळी बरणीत गेली. खण बरणीच्या तोंडावर बसला. दोरा उद्धवरावांनी बांधला, गाठीवर गाठ मारून.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," विकास म्हणाला.

मग उद्धवराव जावयाच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला हळद लागली, ती त्यांनी झटकली नाही.

बरणी बाजेखाली अंधारात ठेवली, वनखात्याला फोन केला. तिकडून सकाळी माणूस येतो असं सांगितलं. मुहूर्त जवळ आला, सगळे कपडे बदलायला पळाले. आणि पद्माबाईंना रुखवतात एक बरणी कमी दिसली. जोडीतली एक बरणी नाहीशी होणं ही त्यांच्या दृष्टीनं चोरीपेक्षा मोठी गोष्ट होती. त्यांनी घर शोधलं, बाजेखाली बरणी सापडली. वर खण, आत हिरवी डहाळी आणि डहाळीवर हिरवा साप. भाचीनं काहीतरी नवीन केलंय आणि लाजून लपवलंय, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी बरणी नेऊन रुखवताच्या मधोमध ठेवली.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या या बाजूनं विकासला रुखवताचं टेबल समोर दिसत होतं. चौथ्या अष्टकाला त्याचा चेहरा असा झाला की करवल्या म्हणाल्या, नवरदेव भावुक झाला. त्याला हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. समोर दिव्यांच्या उजेडात बायका बरणीभोवती वाकून वाकून बघत होत्या.

"लोकरीचा आहे का हो? किती हुबेहूब."

"आमच्या प्रियदर्शनीचा हात आहे तो," पद्माबाई म्हणाल्या.

अक्षता पडल्या, हार पडले. विकास बोहल्यावरून उतरणार, तोच मोतीबाई, उत्तमरावांची ऐंशीच्या पुढची आत्या, चष्मा बरणीला टेकवून म्हणाली, "मघाशी एकच व्हता. आता ही लेकरं कुठून आली?"

डहाळीवर मोठ्या सापाच्या अंगाशी हिरव्या दोऱ्याएवढी पिल्लं वळवळत होती. एक पिल्लू काचेवर चढत होतं. पद्माबाई मागच्या मागे गादीवर बसल्या. रुखवतापुढची गर्दी एका दमात मांडवाबाहेर गेली, आणि फुलवाले, वाजंत्री, गुरुजी तिच्याबरोबर गेले. टेबलापाशी एकटे उद्धवराव उभे राहिले.

"बसून घ्या सगळे," ते शांतपणे म्हणाले. "चापडा आहे, मादी. ही जात अंडी बाहेर घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. बाहेर येणार नाही. गाठ मी मारली आहे."

प्रियदर्शनी बापाकडे बघत राहिली. तिनं हे त्यांना सांगितलं होतं, शिडी लावायच्या आधी, घाईघाईत. त्यांनी ते ऐकलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

सकाळी वनखात्याचा माणूस जाळी आणि पेटी घेऊन आला. पण नर्मदाबाईंनी त्याला थांबवलं. आपल्या दारी बाळंत झालेलीला असंच धाडत नाहीत, म्हणून बरणीवरच्या खणाला हळदकुंकू लावलं आणि शेजारी नारळ ठेवला. पद्माबाईंनी लांबूनच बजावलं की जनावर न्या, बरणी परत करा, ती जोडीची आहे.

उत्तमराव खाली मान घालून उद्धवरावांपुढे आले. "व्याही, तोंड दाखवणार न्हाई म्हणालो होतो."

"तो शब्द मी सोडला," उद्धवराव म्हणाले. "त्याऐवजी एवढंच, जावई एकटे जाणार नाहीत. शिडी धरायला कुणीतरी हवं. जमेल तेव्हा मी येईन."

उत्तमरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मिशीला हात लावला, तेवढ्यात मोतीबाईचा चष्मा पुन्हा बरणीला टेकला.

"उत्तम, हे पान वाळलं की रे."

रात्रभरात डहाळीचं एक पान पिवळं पडून वळलं होतं. सगळ्या मांडवाची मान वळली.

"ते बरणीतलं हाय आत्या. मांडवातलं न्हाई."

लोक उद्धवरावांकडे पाहू लागले. उद्धवरावांनी बरणी उचलून, अगदी जवळ धरून, पान नीट पाहिलं.

"डहाळी मांडवाचीच आहे. शिडी मी धरली होती," ते म्हणाले. "एक शब्द सोडला, व्याही. दुसरा सुटणार नाही."

वसरामचा रुसवा तिथेच गेला. न्हाव्याला बोलवायला तो आधीच निघाला होता.